ऑलरेडी झालेली कमान

'ऑलरेडी' हा शब्द मला पहिल्यांदा दौंडच्या स्टेशनावर भेटला. त्याआधी तो शाळेच्या पुस्तकात येऊन गेला असणार. पण पुस्तकात येऊन गेलेले शब्द आणि लग्नात ओळख करून दिलेले पाहुणे सारखेच. खरी ओळख अडवणूक झाल्यावर होते.

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि पुण्याला नोकरीच्या मुलाखतीला निघालो होतो. गावाहून दौंडपर्यंत दुधाच्या टेम्पोत, कॅनांच्या मधोमध उभा राहून आलो. अंगातला शर्ट चुलतभावाचा आणि पायातले बूट त्याच्या मेव्हण्याचे होते. स्टेशनाच्या दारात सफारी घातलेले एक गृहस्थ बॅग पायाशी ठेवून उभे होते. उभं राहण्याची ढब अशी, की सबंध जंक्शन यांच्याच ताब्यात असावं. मी विचारलं, "साहेब, पुण्याची गाडी?" त्यांनी मला वरून खाली पाहिलं, बुटांपाशी जरा थांबले आणि म्हणाले, "ऑलरेडी गेली."

मी त्यांचे आभार मानले. परतीच्या टेम्पोला अवकाश होता म्हणून जिना चढून पुलावर गेलो. खाली पलीकडच्या फलाटावर एक गाडी उभी होती. लोक चढत होते. एक बाई खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत देत होती आणि आतला माणूस 'राहू दे, राहू दे' म्हणत घेत होता. ही दुसरी कुठली तरी असणार असं मी धरून चाललो. आपली गाडी तर गेली. एका साहेबानं सांगितलंय, तेही इंग्रजीत. कठड्याला टेकून मी ती गाडी सुटताना आरामात पाहिली. शेवटचा डबा पुलाखालून जाताना पाटी वाचली. पुणे.

ते सफारीवाले रेल्वेचे कुणीच नव्हते. ते बारामतीच्या गाडीची वाट बघणारे साधे प्रवासी होते. जिना उतरून मी त्यांच्यासमोर गेलो तेव्हा त्यांनी मला ओळखलंही नाही.

पुढं आमच्या मास्तरांकडून शब्दकोश आणून मी अर्थ पाहिला. आधीच, अगोदरच, एव्हाना. अर्थ बरोबर होता, पण दौंडला जे झालं ते त्यात कुठंच नव्हतं. मराठीतलं 'आधीच' हे कुरकुर करणारं आहे. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. आधीच उशीर, त्यात टेम्पो पंक्चर. 'आधीच' म्हटलं की माणूस आपलं गाऱ्हाणं सांगायला बसतो आणि समोरचा ऐकायला. आमच्या गावाकडचं 'कवाच' घ्या. "आबा कुठंयत?" "कवाच गेलं रानात." यात थोडं कौतुक असतं, थोडी हुरहुरही असते. 'ऑलरेडी'त यातलं काही नाही. तो शब्द दाराच्या आतल्या कडीसारखा आहे. आतल्या माणसानं लावायचा आणि बाहेरच्यानं आवाज ऐकून निघून जायचं.

आणखी एक गोष्ट पुढच्या आयुष्यात ध्यानात आली. जे खरोखर झालेलं असतं त्याला 'झालं' एवढं पुरतं. मेंढ्या पाणी पिऊन आल्या की आमचे आबा म्हणतात, "पिली." बस्स. 'ऑलरेडी' लागतो तो न झालेल्या गोष्टीला.

नोकरी पुढं लागली ती कुरकुंभकडच्या एका कंपनीत, माल तपासायच्या खात्यात. तिथं प्रत्येक यंत्राशेजारी एक वही टांगलेली असायची. दर तासाला काट्यावरचा आकडा बघून त्या वहीत लिहायचा. एकदा दुपारी दोनला मी एक वही उघडली, तर त्यात संध्याकाळी सहापर्यंतचे आकडे लिहून तयार, खाली सहीसुद्धा. मी ऑपरेटरला म्हणालो, "अरे, अजून तीन वाजायचेत." तो म्हणाला, "साहेब, ऑलरेडी भरून ठेवलंय. नंतर गडबड नको." त्याच्या तोंडावर जराही अपराधीपणा नव्हता. उलट वक्तशीरपणाचा आनंद होता. मी त्याला भरपूर बोललो. येणाऱ्या वेळेवर आज सही करणारा माणूस काय दर्जाचा असतो, यावर मी त्या खात्यात बरीच वर्षं भाषणं दिली. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढं माझीच पाळी येणार आहे.

निवृत्त होऊन मी गावी आलो. गाव न्हावऱ्याहून दौंडाकडं जाताना लागतं. नाव सांगत नाही. न सांगितल्यानं आजूबाजूची चार गावं म्हणतील, हे आमचंच लिहिलंय, आणि ती खोटं बोलत नसतील.

आमच्याकडं कामापेक्षा नारळाला मान आहे. कुठल्याही कामाचा नारळ फुटला की ते झालं. मग सुरू होवो न होवो. गावात भूमिपूजनाच्या फरशा इतक्या आहेत, की काढून एका जागी बसवल्या तर शाळेसमोरचं अंगण पूर्ण होईल. त्या अंगणाचाही नारळ फुटलेला आहे. आणि एकदा नारळ फुटला की त्या कामाला आडवं जायचं नाही, हा रिवाज. आडवा गेलेला माणूस सरपंचाला नाही, देवाला आडवा गेला असं धरतात. त्याच्या म्हशीनं दूध चोरलं तरी लोक त्या नारळाकडं बोट दाखवतात.

यंदा गावाला कमान हवी झाली. फाट्यावर स्वागत कमान, वर गावाचं नाव, दोन बाजूंना दोन हत्ती. शेजारच्या गावानं गेल्या वर्षी बांधली होती. आमची त्यांच्यापेक्षा चार हात रुंद पाहिजे असं ठरलं. का, हे कुणी विचारलं नाही. अशा गोष्टीत का नसतो.

ते चार हात नेमके हौदावर येत होते.

हा हौद म्हणजे फाट्यावर हातपंपाशेजारी जनावरांना पाणी पाजायचा दगडी हौद. कुणी बांधला कुणाला माहीत नाही. फरशी बसवायची राहून गेली असावी. आमची घरं पूर्वी मेंढरांची. माझ्या आजोबांचा उन्हाळा-पावसाळा मेंढरांमागं गेला. पुढं जमिनी भिजल्या, ऊस आला आणि आम्ही गाववाले झालो. आता वाड्यात मेंढ्या उरल्या त्या फक्त माझ्या धाकट्या चुलत्यांकडं. त्यांना सगळे आबा म्हणतात. वय ऐंशीच्या पुढं, मेंढ्या तीस-पस्तीस. ऊस तुटला की लोक खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवायला आबांना बोलावतात. पण त्याच रानातल्या विहिरीला आता तारेचं कुंपण असतं आणि पंपाच्या खोलीला कुलूप. लेंड्या चालतात, पाणी पिणारी तोंडं चालत नाहीत. म्हणून आबा रोज सकाळी फाट्यावर येतात, स्वतः हातपंप हापसून हौद भरतात आणि मेंढ्या पाजतात. कुणाची परवानगी न मागता पाणी मिळेल अशी त्यांची ती एकच जागा आहे. आबांच्या लेकांना मेंढ्या विकायच्या आहेतच. "म्हातारपणी कशाला उन्हातान्हात?" असं ते म्हणतात. आबा म्हणतात, "उनाचा तरास मला न्हाई, तुमाला हुतोय."

आता माझी पाळी.

ग्रामसभेला पुरेसे लोक जमत नाहीत. त्यावर आमच्याकडं एक सोय निघालेली आहे. सभेच्या आधी एक-दोन दिवस पंचायतीचे शिपाई हजेरीची वही घेऊन घरोघर फिरतात. लोक सह्या देतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लग्नाला जाता आलं नाही तर आहेर पाठवतात ना, तसं. सभेच्या दिवशी सात-आठ माणसं बसतात आणि वहीत शंभर हजर असतात.

त्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चहा घेत होतो. चष्मा आत राहिला होता. शिपाई आले, सायकल भिंतीला टेकवली आणि वही पुढं केली.

"कशाची?" मी विचारलं.

"हजेरी हो. परवाच्या सभेची."

"परवाची हजेरी आज?"

"आता काय साहेब, दर बारीला तेच. द्या, अजून आख्खी वरली आळी राह्यलीय."

वरचं पान कोरं होतं. एवढं मला चष्म्याशिवायही दिसलं. मी सही केली. चांगली लफ्फेदार, कंपनीतली. शिपाई सायकलवर बसून वरच्या आळीला गेले आणि मी उरलेला चहा प्यायलो.

आठ-दहा दिवसांनी फाट्यावर नारळ फुटला. मंडप, माइक, फेटे. एका फ्लेक्सवर हात जोडलेली अठ्ठावीस माणसं होती. मी मोजली, कारण भाषणांपेक्षा ते करमणुकीचं होतं. दुसऱ्या दिवशी हौदाला खेटून खड्डा खणला. तळाला काँक्रीटही ओतलं. खड्डा हौदाच्या पायापर्यंत आला होता. उरलेली जागा हौद फोडून काढायची होती. फोडायचं मशीन झेंडावंदन झालं की सोमवारी येणार होतं.

त्या दिवशी दुपारी आबा आमच्या ओट्यावर येऊन बसले. काठी आडवी मांडीवर ठेवली.

"हौद फोडत्यात म्हणं," ते म्हणाले.

"कोण म्हणालं?"

"खड्डा म्हणतोय की. तुला दिसंना व्हय?" मग म्हणाले, "हौद ग्येला तर मी मेंढ्या काढून टाकीन. पोरांचं तरी समाधान हुईल. पर फोडायच्या आधी इचारायला नको का? तू शिकलेला. जाऊन बघ कुनी ठरवलंय."

मी गेलो. ग्रामसेवक शिरूरहून मोटरसायकलवर येतात. तीन गावं त्यांच्याकडं. आमच्या भागात त्यांना भाऊसाहेब म्हणतात. माणूस वाईट नाही. सतत दुसऱ्या गावाला उशीर झालेला असतो एवढंच.

"भाऊसाहेब, तो हौद..."

"हां, कमानीचं काम. ते ऑलरेडी पास झालंय."

"कुठं?"

"ग्रामसभेत. ठराव ऑलरेडी झालाय, निधी ऑलरेडी मंजूर आहे, नारळ तर तुमच्यासमोर फुटला." कपाटातून वही काढत ते म्हणाले, "आणि सर, तुमचीबी सही आहे की."

होती. 'फाट्यावरील जुना व निरुपयोगी पाण्याचा हौद निष्कासित करून तेथे स्वागत कमान उभारणेस ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे.' खाली सह्यांच्या रांगेत माझी लफ्फेदार सही सगळ्यांत ठळक. आणि दोन ओळी सोडून एक निळा अंगठा. पुढं कंसात आबांचं नाव.

त्या क्षणी मला दौंडचा पूल आठवला असता तर लेखाला शोभलं असतं. मला आठवला तो कंपनीतला ऑपरेटर. त्यानं निदान काटे बघून अंदाजानं आकडे लिहिले होते. मी कोऱ्या कागदाखाली सही केली होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्हीच फोडला म्हणा की हौद."

"मी हजेरीची सही केली."

"हजर तरी होता का?"

ती पुढं म्हणाली, "रोज पेपर वाचून सगळ्यांच्या चुका काढता. अन् स्वतःच्या दारात आलेलं पान वाचायला चष्मा आणवला नाही. पाच पावलांवर होता."

आबांना सांगणं त्याहून अवघड होतं. सांगितलं. त्यांनी आपला अंगठा वर करून उन्हात पाहिला. "ह्यो?" ते म्हणाले. "मला हजरी म्हनला त्यो." मग विचारलं, "दिल्याला अंगठा परत घेता येतो का?"

"नाही आबा."

"मग रं?"

मी दोन दिवस दोघांना विचारत फिरलो. शिरूरला एका ओळखीच्या वकिलाकडं गेलो. ते म्हणाले, अर्ज करा, वर्षभरात निकाल लागेल. हौद सोमवारी फुटणार होता. सरपंचांच्या घरी गेलो. तरुण माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मला काका म्हणतो. म्हणाला, "काका, कमान गावाची शान हाय."

"शान चार हात अलीकडं उभी राहिली तर?"

"मग त्यांच्याएवढीच हुती ना."

"मेंढरांनी पाणी कुठं प्यायचं?"

"काका, हिथून पुढं मेंढरं ऱ्हात्यात का? तुमीच सांगा. तुमच्या घरात ऱ्हायली का?" बोलला ते लागेल असं होतं. तो पुढं म्हणाला, "आन् आता नारळ ऑलरेडी फुटलाय. आडवं जाऊ नका. लोक नावं ठिवत्यात."

घरी येताना मी फाट्यावर थांबलो. हौद भरलेला होता. शेजारी खड्डा, त्यात काँक्रीट वाळत होतं. मला एवढंच सुचलं की सगळे म्हणतायत झालंय आणि माझ्या डोळ्यांसमोर हौद उभा आहे. या वेळी तरी पुलावरून नुसतं बघत राहायचं नाही.

झेंडावंदनानंतर शाळेच्या मैदानावर ग्रामसभा असते. त्या सभेला माणसं बऱ्यापैकी असतात, कारण जिलेबी असते. पहिला विषय कायम एकच, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. प्रत्यक्षात वाचत नाहीत. भाऊसाहेब म्हणतात, "मागील इतिवृत्त कायम?" आणि लोक आरतीच्या शेवटासारखं एका सुरात म्हणतात, "कायम, कायम." मीही गेली काही वर्षं म्हणत आलो होतो.

"मागील इतिवृत्त कायम?"

"कायम, कायम."

"कायम नाही," मी म्हणालो.

आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. जिलेबीच्या परातीजवळचे दोघे हसले. भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "सर, ते ऑलरेडी..."

"ऑलरेडी काय, भाऊसाहेब? हौद उभा आहे. इथून दिसतो. कमान नाहीये. ती दिसत नाही. मग झालंय काय? सह्या झाल्यात. त्यातली एक माझी आहे. ती कुठं आणि कधी झाली, एवढं मला वहीत लिहायचंय."

"वहीत असं कुणाला लिहिता येत नाही."

"वही माझ्या ओट्यावर येऊ शकते, तर मी वहीपाशी का येऊ शकत नाही?"

सरपंच उठले. "काका, आजच्या दिवशी कशाला वाद? नारळ फुटलेल्या कामाला..."

"नारळाचं पाप माझ्या माथी," मी म्हणालो. "माझी म्हैस नाहीच, तिचं दूध जायची भीती नाही."

लोक हसले, आणि त्या हसण्यात मी टेबलापर्यंत पोचलो. भाऊसाहेबांनी वहीवर हात ठेवला होता. तो हात त्यांनी का उचलला मला अजून कळलेलं नाही. कदाचित पुढच्या गावाला उशीर होत होता. या वेळी मी चष्मा लावला आणि सह्यांच्या खाली लिहिलं, मोठ्यानं वाचत: 'माझी सही सभेत झालेली नाही. सभेच्या दोन दिवस आधी माझ्या घरी ओट्यावर, चहा पिताना झाली. तेव्हा वरचा कागद कोरा होता. मी वाचलं नाही, ही माझी चूक आहे. या ठरावाला माझी संमती नाही.' खाली सही. आजच्या तारखेची.

मला वाटलं, झालं एवढंच, आता जिलेबी. तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. बौद्ध वस्तीतल्या, चाळिशीच्या, रांजणगावच्या बाजूला कंपनीत जातात. सकाळी फाट्यावर बसची वाट बघताना आबांना हातपंप हापसू लागतात, हे मी पाहिलेलं होतं. टेबलाशी आल्या, पण आधी माझ्याकडं वळल्या.

"काका, तुमी आज उठला. आमच्या वस्तीची गटार तीन वर्षं ऑलरेडी झालेली हाय, कागदावर. मी ह्याच मैदानात उभं राहून बोलले हुते. तवा तुमी 'कायम' म्हनला हुता. पुढल्याच रांगंत हुता."

"होतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

"न्हाई, ध्यानात असावं म्हनून." मग त्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं: 'माझी सही कंपनीच्या बसच्या पायरीवर घेतली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला ठराव माहीत नव्हता.'

नंतर एकीनं लिहिलं, 'म्हशीची धार काढताना. वही सासऱ्यांनी धरली होती.' एकानं लिहिलं, 'सलूनमध्ये, अर्धी दाढी झाली होती.' कुणी न्हावऱ्याच्या एसटीत, कुणी कांद्याच्या वखारीत. एका म्हाताऱ्यानं लिहिलं, 'झोपेत होतो, सुनेनं केली,' आणि सून तिथंच खाली मान घालून हसत होती. सगळे आले असं मुळीच नाही. फ्लेक्सवरचे बरेचसे उठून शाळेच्या व्हरांड्यात गेले. एकूण अकरा जणांनी लिहिलं. शिपाई एका बाजूला उभे होते. मला वाईट वाटलं. त्यांनी तर फक्त वही फिरवली होती. पण प्रत्येक ओळ वाचली जाताना तेच मान डोलावत होते. 'बरोबर, धारंच्या वक्ती, बरोबर.' सबंध सभेत एवढा विश्वासू साक्षीदार दुसरा नव्हता.

शेवटी आबा काठी टेकत आले. लिहिता येत नाही. वस्तीतल्या त्या ताईंना म्हणाले, "पोरी, तू लिही. मी सांगतो."

"सांगा आबा."

"लिही. अंगठा दिला तवा मी हौदावर हुतो. मेंढ्या पानी पित हुत्या. अंगठ्याची शाई मी त्याच हौदात धुतली." मग वहीकडं बोट दाखवून म्हणाले, "निरुपयोगी म्हणून लिवलंय न्हवं वर? मग शाई कुठं धुतली असती?"

ताईंनी सगळं तसंच लिहिलं. आबांनी खाली अंगठा उठवला आणि शाई पुसायला काही नाही म्हणून माझ्या बाहीला पुसला. झेंडावंदनाचा पांढरा शर्ट होता. तो डाग निघालेला नाही, आणि बायकोनं काढायचा प्रयत्नही केलेला नाही.

भाऊसाहेबांनी वही आपल्याकडं ओढली. पान पाहिलं, मागचं पान पाहिलं, टोपण लावलं. मग पुन्हा टोपण काढून लिहिलं: 'सदर विषय पुढील सभेत फेरविचारार्थ ठेवण्यात यावा.' सरपंच म्हणाले, "आन् सोमवारचं मशीन?" भाऊसाहेब म्हणाले, "आता कसं आणायचं? वाचा की काय काय लिहून ठेवलंय." मग जिलेबी वाटली.

विजय वगैरे झाला असं कुणी समजू नये. पुढची सभा व्हायची आहे. कमान कदाचित होईल. चार हात अलीकडं झाली तर मी पहिला हार घालीन. सरपंच रस्त्यात भेटला की काका म्हणतो, पण थांबत नाही. दहीहंडीच्या फ्लेक्सवरून माझा फोटो गाळला, ही कृपा अनपेक्षित होती. गावातल्या एका म्हशीनं त्याच आठवड्यात दूध कमी केलं आणि त्याचं कारण मी आहे असं समजतं. वस्तीच्या गटारीचा अर्ज मी आणि ताई मिळून लिहितो आहोत. त्या माझी वाक्यं खोडतात. म्हणतात, "काका, लांबड लावू नका. गटार न्हाई, एवढंच लिवा."

शिपाई परवा पुन्हा सायकलवरून आले. वही पुढं केली. मी आत जाऊन चष्मा आणला. वरचं पान कोरं होतं.

"अजून काही लिहिलं नाही?"

"न्हाई, अजून."

"मग लिहिलं की या."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "आज सकाळपासून चौथं घर. सगळी हेच म्हनत्यात. माझं काम वाढिवलं तुमी." चहा घेऊन गेले.

आबांच्या मेंढ्या आहेत. सकाळी फिरायला मी फाट्यापर्यंत जातो आणि हातपंपाला हात लावतो, त्यांना आता दम लागतो. हौदाचा काठ उंच आहे. मोठ्या मेंढ्या सहज पितात, पण कोकरांना पोचत नाही. पूर्वी आबा त्यांच्यासाठी घमेलं घेऊन यायचे. हल्ली आणत नाहीत. हौद भरून वाहतो तेव्हा पाणी शेजारच्या कमानीच्या खड्ड्यात उतरतं. कडेची माती ढासळून खड्डा आता हातभरच उरलाय, आणि तळाला काँक्रीट असल्यानं पाणी मुरत नाही. ते पाणी कोकरं गुडघे टेकून पितात. या सगळ्या प्रकरणात ऑलरेडी झालेली गोष्ट तेवढी एक, आणि चांगली पक्की झालेली आहे.

"पिली," आबा म्हणतात, आणि काठी उचलतात.